वरच्या खोलीतलं नेट

नोकरी गेली त्या दिवशी मी डबा नेहमीच्याच वेळेला खाल्ला. फक्त जागा वेगळी होती. पुणे स्टेशनच्या फलाटावरचं एक बाकडं. मेथीची भाजी आणि दोन चपात्या. भाजीत मीठ होतं की नव्हतं, ते कळलं नाही. सकाळी दहाला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. शेजारी एच. आर.च्या बाई बसल्या होत्या. त्यांनी मंदीबद्दल चार वाक्यं बोलून एक पाकीट माझ्या पुढ्यात सरकवलं. मी "ठीक आहे" म्हणालो, गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडताना सवयीनं ते कार्ड दाराला लावायला हात छातीकडं नेला. रखवालदारानं दार उघडून दिलं.

ती कंपनी बाहेरदेशच्या कारखान्यांसाठी मशिनच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर करून द्यायची. सात वर्षं मी तेच करत होतो. दौंडहून सकाळच्या शटलनं पुण्याला जायचं, संध्याकाळी परत. आमचं घर दौंडात, रेल्वे कॉलनीच्या पलीकडं. घरात आम्ही तिघं. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या सिग्नल खात्यात मेंटेनर होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. आई त्याआधीच गेली होती. आणि माझी बायको, इनामगावच्या बाजूच्या एका शाळेत शिक्षिका. ती सकाळी एसटीनं जायची, साडेपाचला यायची.

घरी सांगायचं नाही, असं काही मी ठरवलं नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं उतरलो, घरी आलो. बायकोनं गर्दी होती का विचारलं. होती म्हणालो. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, ती आत गेली आणि सांगायची वेळ निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डबा भरून हातात दिला, तेव्हा तो न घेणं मला जमलं नाही. म्हणून गाडीला गेलो. असा आठ दिवस मी पुण्याला जाऊन येत राहिलो. फलाटाच्या टोकाला बसायचो, डबा खायचो, परत यायचो. तिकीट तपासनीस ओळखीचा झाला होता, त्यानं एकदा विचारलं की हल्ली लवकर सुटता का. त्या दिवशी मी घरी येऊन सांगितलं की कंपनीनं आता घरूनच काम करायला सांगितलंय.

बायकोला फार बरं वाटलं. रोजची हाडं मोडणारी ये-जा थांबली म्हणाली. आप्पांना तर अभिमानच वाटला. आमचं मूळ गाव वडगाव रासाई. माझे आजोबा मेंढरं घेऊन आठ-आठ महिने गावाबाहेर असायचे. आप्पा त्या घरातून शिकून रेल्वेत लागलेले. आणि आता पोराला घरी बसून काम, ते पण परदेशाचं. कुणी भेटलं की ते सांगायचे. त्यांनी माळ्यावरची खोली रिकामी करून चुना मारून घेतला. टेबल वर चढवलं, पंखा बसवला. लाईट गेली तरी माझं अडू नये म्हणून इन्व्हर्टरच्या वायरी ओढून मोडेम आणि पंखा त्यावर घेतला. लॅपटॉप माझा स्वतःचा होता. त्याला स्वतःची बॅटरी आहे म्हटल्यावर तेवढा राहू दिला.

फोन आणि त्याच्याशेजारचा वायरलेसचा मोडेम खाली बाहेरच्या खोलीत. मी वर. रोज नऊला आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून जिना चढायचो आणि लॅपटॉप उघडायचो. पहिले काही दिवस अर्ज केले. उत्तरं आली नाहीत, तसं ते थांबलं. मग मी जुनी ड्रॉइंगं उघडून बसायचो. एखादा गिअर पडद्यावर घेऊन फिरवायचा. वरून, खालून, मधून कापून. काही विचार करत होतो असं म्हणता येणार नाही. दुपार व्हायची, मग संध्याकाळ व्हायची.

एकदा अकराच्या सुमाराला आप्पा चहा घेऊन वर आले. पडदा कोरा होता आणि मी त्याच्याकडं बघत बसलो होतो. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मी नेट गेल्याचं सांगितलं. ते खोटं नव्हतं. नेट अधूनमधून जायचंच, आणि त्या दिवशीही केव्हातरी गेलं असावं. मी बघितलं नव्हतं. किती वेळा जातं, असं त्यांनी विचारलं. रोज जातं, म्हणालो.

"मग इतके दिवस बोलला का न्हाईस?" ते म्हणाले. चहा तसाच टेबलावर ठेवून खाली गेले आणि एक लांबट जाड वही घेऊन वर आले. पहिल्या पानावर पट्टीनं उभ्या रेघा मारल्या. तारीख, वेळ, काय झालं, काय केलं, कारण. नोकरीत ते अशाच रजिस्टरात सिग्नलचे फेल्युअर लिहायचे. नेट गेलं की वेळ लिहायची, आलं की लिहायची, बाकी काही करायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. आधी आठवडाभर नुसतं बघायचं.

मला एक काम मिळालं. हे आज लिहिताना विचित्र वाटतं, पण तेव्हा वाटलं नाही. नेट जायचं, मी वेळ लिहायचो.

आठवड्यानंतर आप्पांनी तपासायला सुरुवात केली. त्यांची एक रीत होती. "एका येळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशानं बरं झालं ते कळत न्हाई." त्यांनी आधी जागा बदलून बघितली. लॅपटॉप घेऊन मी जिन्याची एकेक पायरी उतरायचो आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या दांड्या किती दिसतात ते मोठ्यानं सांगायचो. खाली पाच, सातव्या पायरीवर चार, वर खोलीत तीन. आप्पा वहीत लिहायचे. मग मोडेम उचलून भिंतीवरच्या फळीवर ठेवला. मग मधलं लोखंडी कपाट आम्ही दोघांनी ढकलून दुसऱ्या भिंतीला नेलं. वर चार दांड्या यायला लागल्या. नेट जायचं ते जातच होतं.

"चार दांड्या असताना पण जातं ना?" त्यांनी विचारलं.

"जातं."

"मंग लांबीचा दोष न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला खाली बसवलं, मोडेमला वायरनं जोडून. वायरलेस बंद. वायरीवरही नेट गेलं. दोन दिवसांत पाच वेळा गेलं. आप्पांनी वहीत ठळक अक्षरांत लिहिलं की दोष वायरलेसचा नाही, लाईनचा आहे. त्यांचा चेहरा तेव्हा उजळला होता. निवृत्त झाल्यापासून मी त्यांना इतकं कामात बघितलं नव्हतं. ते सकाळी दाढी करून, शर्ट खोचून माझ्या आधी तयार असायचे.

पुढचा धागा बायकोच्या बोलण्यातून मिळाला. आमच्या भिंती जाड दगडी, आत मोबाईल धड लागायचा नाही. त्यामुळं ती मधल्या सुट्टीत घरच्या फोनवर फोन करायची. जेवताना ती सहज म्हणाली की मी फोन केला की तुमचं नेट नेमकं तेव्हाच गेलेलं असतं, माझा पायगुण दिसतोय. आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला, हात न धुताच उठले, वही आणली आणि डाव्या हातानं पानं उलटली. रोज दीड ते पावणेदोनच्या दरम्यान एक नोंद होती. शाळेचा एकही दिवस चुकला नव्हता.

सकाळी ते स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर गेले. जाताना सांगितलं की मी पाच-पाच मिनिटांनी तीन वेळा फोन करीन, तू उचलू नकोस, दिव्याकडं बघ. मी मोडेमसमोर खुर्ची टाकून बसलो. फोन वाजला. लाईनचा हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला. घंटी थांबली, मिनिटभरानं दिवा परत लागला. तिन्ही वेळा तेच. आप्पा घरी आले ते घामानं भिजलेले. मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि थेट वर गेले. वरच्या खोलीत एक जुना काळा फोन होता. खाली जायला लागू नये म्हणून त्यांनीच फार वर्षांपूर्वी खालच्या लाईनवरून परस्पर जोडून घेतलेला. खाली मोडेमच्या अलीकडं टेलिफोनवाल्यांनी एक पांढरी डबी बसवली होती, ती फोनची घंटी आणि नेट वेगवेगळं ठेवायची. वरच्या फोनला तसली डबी नव्हती, कारण तो फोन आहे हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. आप्पांनी त्या फोनच्या वायरी सोडवल्या. शेजारच्यांच्या घरून घंटी देऊन बघितली. दिवा हलला नाही.

"माझाच फॉल्ट निघाला," ते म्हणाले. खाली बसून त्यांनी तेच वहीत लिहिलं, कारणाच्या रकान्यात, स्वतःचा उल्लेख करून. सही केली.

आता नेट जात नव्हतं. तीन दिवस ते सरळ चालू राहिलं. त्या तीन दिवसांत मला वरच्या खोलीत बसवेना. आप्पा चहा घेऊन आले की विचारायचे, चाललंय ना काम? मी हो म्हणायचो. ते पडद्याकडं बघायचे. पडद्यावर तोच गिअर.

चौथ्या दिवशी दुपारी लाईट गेली. मधले तीन दिवस लोडशेडिंग नव्हतं, ते परत सुरू झालं होतं. मोडेम आणि पंखा इन्व्हर्टरवर चालू होते, लॅपटॉप बॅटरीवर. दहा मिनिटांनी नेट गेलं. मी खाली जाऊन बघितलं तर मोडेमचे सगळे दिवे हिरवे. हे आप्पांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी दोन फॉल्ट होते. एकाच्या आड दुसरा. असले फॉल्ट लई कमी माणसांना घावत्यात." ते खूश होते.

त्याच संध्याकाळी मला कारण सापडलं. शोधायलाही लागलं नाही. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये वायरलेसच्या भागाखाली एक ओळ होती, की वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी आहे. तिच्यापुढच्या चौकोनात बरोबरची खूण होती. बॅटरीवर चालताना लॅपटॉप स्वतःच वायरलेस झोपवत होता. खूण काढली की संपलं. मी माउसचा बाण त्या चौकोनावर नेला. थोडा वेळ तो तिथं होता. मग मी ती खिडकी बंद केली आणि जेवायला खाली गेलो.

मी असं का केलं, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. आता थोडंफार सांगता येतं. नेट बिघडलेलं होतं तोवर माझ्या रिकाम्या बसण्याला नाव होतं. आणि आप्पांच्या दिवसाला काम होतं. पण हे मागून जुळवलेलं आहे. त्या संध्याकाळी डोक्यात यातलं काही नव्हतं. काही म्हणजे काहीच नव्हतं.

आप्पा इन्व्हर्टरच्या मागं लागले. त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं, लाईट गेली की इन्व्हर्टर येतो, मग दोष तिथंच असणार. त्यांनी मीटर लावून मोडेमला मिळणारा दाब मोजला. प्लग बदलला. अर्थिंगची वायर नव्यानं जमिनीत पुरली आणि त्या जागी आठ दिवस रोज तांब्याभर पाणी ओतलं. मग इन्व्हर्टर बाजूला ठेवून एका जुन्या बॅटरीवरून मोडेम थेट चालवून बघितला. प्रत्येक वेळी लाईट गेली की ते खालून मला हाक मारायचे आणि मी वरून गेल्याचं सांगायचो. वहीची सहा पानं भरली. कारणाच्या रकान्यात प्रत्येक ओळीला त्यांनी लिहिलं होतं, सापडले नाही.

मध्ये एकदाच त्यांनी जिन्यात थांबून विचारलं.

"तुझ्या मशिनीत तर काय न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो. "मशीन चांगली आहे."

"मंग बरं," ते म्हणाले आणि खाली गेले. एवढं बोलणं. त्यांनी पुन्हा ते विचारलं नाही, कारण मी सांगितलं होतं.

मे महिना लागला होता. एके दिवशी सकाळी मी उठलो तर फळीवर मोडेम नव्हता. आप्पाही नव्हते. बायको म्हणाली, ते मोडेम कापडी पिशवीत घालून शटलनं पुण्याला गेले, कुण्या दुकानात तपासून घेतो म्हणाले. तिला सुट्ट्या होत्या, पण शाळेत निकालाचं काही काम होतं म्हणून ती गेली. मी वर जाऊन बसलो. त्या दिवशी नेट नाही हे पहिल्यांदाच शंभर टक्के खरं होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. स्टेशनवरच्या एका जुन्या हमालानं आप्पांना दंडाला धरून उतरवलं. पॅसेंजरमध्ये उभ्यानं आले होते. फलाटावर उतरल्यावर चक्कर येऊन खालीच बसले, त्यांना उठता येईना. हमाल त्यांना नोकरीतल्या दिवसांपासून ओळखत होता. मोडेमची पिशवी त्यानं माझ्या हातात दिली आणि म्हणाला की पिशवी सोडत नव्हते. मी गल्लीतल्या डॉक्टरांना आणलं. उन्हाचं आहे म्हणाले, सलाइन लावलं, बाटली खिडकीच्या गजाला टांगली आणि अर्ध्या तासानं येतो सांगून गेले.

मी कॉटच्या कडेला बसलो. सलाइनचे थेंब पडत होते. आप्पांचे ओठ सुकले होते. ओल्या फडक्यानं मी त्यांचं कपाळ पुसलं. डोळे न उघडता ते बोलायला लागले.

"दुकानदारानं दोन तास लावून बघितला. मोडेम चांगला हाय. इन्व्हर्टर चांगला हाय, ते मी बघितलंच हाय. लाईन चांगली हाय. म्हंजी आता तुझी मशीनच राहिली."

मी म्हणालो, "हो. मशिनीतच आहे."

त्यांनी डोळे उघडले. "तुला ठाव होतं?"

"होतं."

"कवापासून?"

"लाईट गेली त्या पहिल्या दिवसापासून. एक खूण काढायची होती. काढली नाही."

का, असं त्यांनी विचारलं नाही. पण मी सांगितलं. नोकरी गेल्याचं, फेब्रुवारीतच गेल्याचं, वर काही काम नसल्याचं. सांगताना माझा आवाज अगदी सरळ होता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसा. मला वाटलं होतं की सांगितल्यावर काहीतरी सुटेल, आतून भडभडून येईल. आलं नाही. आप्पांनी तोंड भिंतीकडं वळवलं. त्याच बाजूला बघत म्हणाले, "नोकरी काय, जाती. मला सहा पानं खोटी लिव्हायला लावलीस."

मी उठलो. वर जाऊन लॅपटॉप उघडला, ती खूण काढली, लॅपटॉप बंद केला. परत खाली येऊन बसलो. तेव्हा डॉक्टर आले.

साडेपाचला बायको आली. आप्पांची हालत बघून घाबरली, मग डॉक्टरांचं ऐकून सावरली. मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि तिलाही सांगितलं. ओट्याला टेकून तिनं सगळं ऐकून घेतलं. तिनं शाळेत सगळ्यांना माझ्या घरून कामाचं सांगितलेलं होतं, हे मला माहीत होतं. ती चिडली नाही. तिनं पातेल्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तेव्हा मला सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी शाळेत गेले असते. रोज जाते तशी." चहा झाल्यावर तिनं तीन कपांत ओतला. तिसरा कप आप्पांसाठी होता, पण त्यांचा डोळा लागला होता. तो आम्ही अर्धा-अर्धा घेतला.

आप्पा दोन दिवसांत हिंडायला-फिरायला लागले. माझ्याशी मात्र बोलले नाहीत. जेवायला बसले की भाकरी बायकोकडून मागून घ्यायचे. मोडेम मी परत फळीवर लावला होता, त्याच्याकडं त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी मला खाली हाक आली. ते खुर्चीत बसले होते, समोर स्टुलावर वही आणि पेन.

"तुझ्या हातानं लिव्ह," ते म्हणाले.

मी तारीख घातली. काय झालं, ते लिहिलं. काय केलं, ते लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं की दोष लॅपटॉपमध्ये होता, तो मला ठाऊक होता आणि मी सांगितला नाही. आप्पांनी चष्मा लावून वाचलं. मग आधीच्या सहा पानांवर, जिथं जिथं त्यांनी ‘सापडले नाही’ लिहिलं होतं, तिथं तिथं मला शेजारी सही करायला लावली. वीस-बावीस सह्या असतील. एकेक पान ते स्वतः उलटत होते. शेवटची झाल्यावर वही मिटली आणि कपाटावर टाकली. त्या संध्याकाळी त्यांनी भाकरी माझ्याकडं मागितली.

त्यानंतर मी वरच्या खोलीत खरंच बसलो. नेट लाईट गेली तरी टिकत होतं. रोज पाच-सहा अर्ज जायचे. पावसाळ्याच्या मध्यावर रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. देखभाल विभागात, तुटलेल्या पार्टांची ड्रॉइंगं करायला माणूस हवा होता. आधीपेक्षा खालची जागा होती. मी घेतली. दौंडहून रोज जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून शिरूरला एक खोली घेतली. शनिवारी न्हावऱ्यावरून दौंडला यायचो, सोमवारी पहाटे निघायचो. विभागात माझ्यासोबत बिहारकडचा एक फिटर होता. त्यानं पहिल्या दिवशी मला मशिनच्या गिअरचा मोडका दात हातात दिला आणि विचारलं, "पहले कभी असली माल हाथ में लिया है?" सात वर्षांत मी एकही खरा गिअर हातात घेतला नव्हता. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, धार लागते, जपून.

बायको मोकळेपणानं बोलायला लागली, पण हळूहळू. शाळेत तिनं काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. आप्पांच्यात एक बदल राहिला तो राहिलाच. घरातल्या कशाहीबद्दल, गॅसचं बटण असो की टाकीचा कॉक, मी एकदा सांगून त्यांना पुरायचं नाही. ते पुन्हा विचारायचे. "नक्की ना?" मी पुन्हा सांगायचो. ते कधी टोचून विचारत नसत. त्यांना दोनदा ऐकायला लागायचं, एवढंच.

दिवाळीच्या आधी एका रविवारी मला सुट्टीतही थांबायला लागलं, तर आप्पाच एसटीनं शिरूरला आले. बायकोनं दिलेल्या चटणीच्या आणि शेवेच्या पुड्या घेऊन. खोली बघितली, नळ उघडून बघितला, स्विच दाबून बघितले. आम्ही बाजारातून फिरलो, एका हॉटेलात मिसळ खाल्ली. तिथं बसल्यावर त्यांनी विचारलं, "तुझं काम नेमकं काय असतंय?" इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं. मी टेबलावरच्या पाण्यात बोटानं गिअर काढून दाखवला, दात कुठं मोडतो, का मोडतो ते सांगितलं. त्यांनी मध्ये दोन प्रश्न विचारले. दोन्ही बरोबर जागी होते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं, आणि मी तसं म्हणालो. फिटरला विचारून सांगतो म्हणालो. ते म्हणाले, "इचार."

चारच्या गाडीत मी त्यांना बसवून दिलं. खिडकीची जागा मिळाली. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मी स्टँडवर उभाच होतो. रडू आलं, असं काही नाही. नव्या सेफ्टी बुटांनी टाचा सोलल्या होत्या, कारखान्यात दोन महिने रोज चालून. त्या नेमक्या तेव्हा दुखायला लागल्या. मी एका बाकड्यावर बसलो, बूट काढले आणि लोकांची ये-जा चालू असताना टाचा चोळत राहिलो.